विवाहातील संमती : एका जुन्या समजुतीचा अभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ७, ओव्या १ ते ६; इफिसकरांस पत्र, अध्याय ५, ओव्या २१ ते ३३; पेत्राचे पहिले पत्र, अध्याय ३, ओवी ७.

शिक्षकांस सूचना : हा पाठ मंडळीतील विवाहित स्त्रीपुरुषांसाठी व वडिलांसाठी आहे. विषय नाजूक आहे, म्हणून मुलांचा वर्ग त्या दिवशी वेगळा बसवावा. स्त्रियांचा वर्ग स्त्रीने व पुरुषांचा वर्ग पुरुषाने घेतल्यास बोलणे अधिक मोकळेपणाने होईल.

१. प्रश्न काय आहे

समजा, रविवारची उपासना आटोपली आहे व मंडळी आपापल्या घरी निघाली आहे. एक तरुण बाई तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन मागे रेंगाळते. सर्व गेल्यावर ती पाळकीणबाईंजवळ येते व खाली मान घालून म्हणते, "बाई, मला रात्रीची भीती वाटते. मी नको म्हटले तरी घरचे ऐकत नाहीत. बाळंतपणाला महिनाही झाला नव्हता, तेव्हाही ऐकले नाही." पाळकीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवितात व म्हणतात, "अगं, नवराच ना तो? परका का आहे? बाईच्या जन्माला हे यायचेच. प्रार्थना कर आणि सोस." ती बाई मान हालवून घरी जाते, आणि ह्या गोष्टीविषयी पुन्हा कोणाजवळ एक शब्दही काढीत नाही.

पाळकीणबाई दुष्ट नाहीत. त्यांच्या आईने त्यांस जे सांगितले, तेच त्यांनी ह्या मुलीस सांगितले. परंतु त्यांच्या उत्तरात एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, लग्नाच्या दिवशी स्त्रीने एकदा होकार दिला म्हणजे तिच्या शरीरावर पतीचा हक्क जन्मभरासाठी बसला, आणि त्यानंतर तिच्या नकारास काही अर्थ उरला नाही. ही समजूत कोठून आली, लोकमताने तिला कसे उचलून धरले, आणि ती देवाच्या वचनापुढे टिकते काय, हे आपणांस आज पाहावयाचे आहे.

२. समजूत कायद्यात कशी शिरली

पुष्कळांस वाटते की ही समजूत केवळ आपल्या देशातील जुन्या रूढीतून आली. रूढीचा भाग तीत आहे खरा. पण आपल्या फौजदारी कायद्यात ती आली ती इंग्लंडातून, म्हणजे स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या देशातून. हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे.

सतराव्या शतकात इंग्लंडात सर मॅथ्यू हेल नावाचे नामांकित सरन्यायाधीश होऊन गेले. ते १६७६ साली वारले व त्यांचा फौजदारी कायद्यावरील ग्रंथ पुढे १७३६ साली छापला गेला. पतीने आपल्या पत्नीवर बळजोरी केली तरी तो बलात्काराचा अपराधी ठरू शकत नाही, कारण विवाहाच्या करारानेच तिने स्वतःस त्याच्या स्वाधीन केलेले असते व तो होकार तिला मागे घेता येत नाही, असे मत त्यांनी त्यात मांडिले. ह्या मतास त्यांनी कोणत्याही पूर्वीच्या निकालाचा आधार दिला नाही. तरीही एका थोर न्यायाधीशाचे लिहिणे म्हणून पुढच्या पिढ्यांनी ते प्रमाण मानले.

हिंदुस्थानासाठी दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ साली मेकॉले ह्यांच्या आयोगाने तयार केला, तेव्हा पतीस अशी पूर्ण सूट त्यात घातली होती. १८६० साली संहिता मंजूर झाली, तेव्हा सुटीला एक मर्यादा आली : पत्नीचे वय दहा वर्षांहून कमी असेल तर मात्र पती अपराधी ठरेल. दहा वर्षे! त्या काळच्या कायद्यास एवढी एकच मर्यादा सुचली. १ जानेवारी १८६२ पासून ती संहिता अंमलात आली.

इंग्लंडाने स्वतः हा नियम पुढे टाकून दिला. १९९१ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, पत्नीचा होकार कायमचा समजण्याची कल्पना आता कायद्यात राहिलेली नाही असा एकमताने निर्णय दिला. ज्या देशातून हे बी आले, त्याने आपल्या शेतातून ते उपटले. आपल्या शेतात ते अजून उभे आहे.

३. फुलमणीचे मरण

१८९० च्या जून महिन्यात कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. तिचा पती हरिमोहन मैती हा पस्तिशीच्या सुमाराचा पुरुष होता. त्याने तिच्याशी शरीरसंबंध केला. तिला भयंकर इजा झाली व रक्तस्राव होऊन ती गेली. मुलीचे वय दहाहून अधिक असल्यामुळे बलात्काराचे कलम तिच्या पतीस लागू होईना. शेवटी बेदरकार कृत्याने भारी दुखापत केल्याच्या कलमाखाली त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका मुलीचा प्राण गेला, व कायद्याच्या दृष्टीने तो केवळ निष्काळजीपणा ठरला.

ह्यापूर्वी १८८४ साली मुंबईचे पारशी गृहस्थ बेहरामजी मलबारी ह्यांनी बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध करून चळवळ आरंभिली होती. फुलमणीच्या मरणाने ती चेतली. ह्या देशात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यांत आलेल्या बालपत्नींच्या हालांची हकीकत सरकारपुढे ठेविली. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा पसार झाला व वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली.

बारा वर्षे ही मर्यादा आज ऐकतानाही अंगावर काटा येतो. पण त्या काळी एवढ्या सुधारणेवरूनही महाराष्ट्रात व बंगालात मोठे रण माजले. न्यायमूर्ती तेलंग व डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी कायद्याची बाजू घेतली. भांडारकरांनी तर धर्मशास्त्राच्या आधारेच दाखवून दिले की ह्या कायद्याने धर्म बुडत नाही. उलट लोकमान्य टिळकांनी असे प्रतिपादिले की, सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात हात घालू नये. परक्या सत्तेविषयीचा हा संशय समजण्याजोगा होता. परंतु त्या साऱ्या वादात घराचे नाव वारंवार निघाले, धर्माचे निघाले, राष्ट्राचे निघाले. ज्या मुलीच्या शरीराविषयी वाद चालला होता, तिला काय वाटते हे विचारणारे फार थोडे निघाले.

४. रखमाबाईंचे उत्तर

तरीही एका स्त्रीने आपणांस काय वाटते हे त्याच्याही आधी, भर न्यायालयात, सांगितले होते. रखमाबाईंचा जन्म १८६४ साली झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावण्यात आले. पण त्या मुंबईस आपल्या आईजवळ व सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्या घरीच वाढल्या व शिकल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नी सहवासास यावी म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लाविला. रखमाबाईंचे म्हणणे थोडक्यात हे होते की, जाणत्या वयापूर्वी, माझा होकार न विचारता झालेल्या लग्नाने मला त्या पुरुषाकडे जाण्यास बांधता येणार नाही.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी दावा काढून टाकिला. अशा दाव्यांची पद्धत इंग्लंडातून आली, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही, आणि नाखूश तरुणीस अशा रीतीने पुरुषाच्या हवाली करणे रानटीपणाचे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. वरील न्यायपीठाने १८८६ साली हा निकाल फिरविला, व मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला की रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला दावा सोडिला. पुढे रखमाबाईंनी इंग्लंडात वैद्यकीचे शिक्षण घेतले व परत येऊन सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे सेवा केली. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ह्या खटल्याची हकीकत परदेशच्या वाचकांपुढे ठेविली.

त्या वेळी असे भाकीत ऐकू येई की रखमाबाई जिंकल्या तर घरोघरच्या बायका नवऱ्यांस सोडून जातील. तसे काही झाले नाही. लग्ने होत राहिली व घरे नांदत राहिली. हे ध्यानात ठेवावे, कारण तेच भाकीत आजही तितक्याच खात्रीने सांगण्यात येते.

सहवासाचा हुकूम मागण्याचा कायदा मात्र अजून ग्रंथात आहे. हिंदूंसाठी तो १९५५ च्या विवाह कायद्यात आहे, व आपणां ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यात. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील ते कलम स्त्रीच्या देहस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द ठरविले होते; पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेविले. आपल्या घटस्फोट कायद्यात आणखी एक जाच होता. पतीने कितीही छळ केला तरी केवळ त्या कारणावर ख्रिस्ती स्त्रीस घटस्फोट मिळत नसे. व्यभिचारही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने केवळ क्रूरता हेही पुरेसे कारण झाले.

५. आजचा कायदा व आजचे लोकमत

दिल्लीतील भयंकर घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये शिफारस केली की बलात्काराच्या कलमातील पतीची सूट काढून टाकावी. शासनाने ती मानली नाही. संसदेच्या स्थायी समितीनेही असे भय दाखविले की तसे केल्यास कुटुंबव्यवस्थेवर मोठा ताण पडेल. त्याच वर्षी सर्वसाधारण संमतिवय अठरा झाले, पण पत्नीच्या बाबतीत ते पंधरावरच राहिले. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीस परक्यापासून कायद्याचे रक्षण होते, पतीपासून नव्हते. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती दूर केली व पत्नीसाठीही अठरा वर्षांची मर्यादा ठरविली.

अठरा वर्षांवरील पत्नीचा प्रश्न उरला. ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत ह्यावर मतभेद झाला : न्यायमूर्ती राजीव शकधर ह्यांनी पतीची सूट घटनाबाह्य म्हटली, न्यायमूर्ती हरि शंकर ह्यांनी ती वैध मानली, आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ६३ मध्येही, पत्नी अठरा वर्षांहून लहान नसेल तर, ही सूट पूर्वीप्रमाणेच ठेविलेली आहे.

ह्याचा अर्थ असा नव्हे की विवाहित स्त्रीस काहीच आधार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ हा हिंसाचाराचा एक प्रकार म्हणून स्पष्ट नमूद आहे. त्या कायद्याखाली दंडाधिकारी पतीस मनाईचा हुकूम करू शकतात, स्त्रीस घरात राहण्याचा हक्क व खर्च देववू शकतात. पतीने क्रूरतेने वागविणे हा फौजदारी गुन्हाही आहे. पत्नी वेगळी राहत असेल, तर तिच्यावर पतीने केलेली बळजोरी शिक्षेस पात्र आहे. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरते मान्य केले की पतीच्या बळजोरीने राहिलेला गर्भ हाही बलात्काराचा परिणाम समजावा.

आता लोकमत पाहू. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रीपुरुषांस विचारण्यात आले की पत्नी पतीस नकार देऊ शकते काय. पतीस गुप्तरोग असेल, त्याचा परस्त्रीशी संबंध असेल, किंवा पत्नी थकलेली असेल वा तिचे मन नसेल, ह्या तिन्ही कारणांसाठी तिने नकार देणे योग्य आहे असे स्त्रियांपैकी शेकडा ८० व पुरुषांपैकी शेकडा ६६ जणांनी सांगितले. म्हणजे बहुसंख्य लोक पत्नीचा नकार मानावा असेच म्हणतात. परंतु त्याच पाहणीत शेकडा ४५ स्त्रियांनी व शेकडा ४४ पुरुषांनी असेही सांगितले की काही कारणांसाठी पतीने पत्नीस मारणे रास्त आहे. ज्या विवाहित स्त्रियांनी आपणांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले, त्यांपैकी शेकडा ८२ जणींनी अत्याचार करणारा म्हणून आपल्या सध्याच्या पतीकडेच बोट दाखविले. आणि कोणत्याही प्रकारची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ शेकडा १४ जणींनी कोणाकडे मदत मागितली.

हे आकडे मंडळीने मनात धरावे. परक्याची भीती आपण मुलींस लहानपणापासून शिकवितो. बहुतेकींवर संकट येते ते घरात. आणि ज्या थोड्या बोलतात, त्या पोलीसचौकीत जाण्यापूर्वी बहुधा आपल्या माणसांकडेच जातात. म्हणून आपल्या माणसाने दिलेले पहिले उत्तर फार मोलाचे असते.

६. नेहमीचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप : "नवराबायकोच्या खोलीत तिसऱ्याने का डोकावावे?" पती पत्नीचे डोके फोडतो तेव्हा तेही खोलीतच फोडतो, तरी शेजारी धावून जातात व तसे धावणे योग्य समजले जाते. खोलीचे दार प्रेमासाठी लावावयाचे असते. इजा लपविण्यासाठी ते लावले, तर बाहेरच्यांनी ते ठोठावलेच पाहिजे. शिवाय आपल्याच रूढीने ह्या खोलीस मर्यादा घातलेल्या आहेत. बाळंतिणीस सव्वा महिना विसावा द्यावा, गरोदर मुलीस माहेरी आणावी, ह्या चालीत आपल्या आज्या-पणज्यांनी हेच सांगून ठेविले आहे की पत्नीच्या देहासही आपले म्हणणे आहे व ते पतीने ऐकावे.

दुसरा आक्षेप : "असे म्हणू लागलो तर घरे मोडतील." घर कशाने मोडते, हे त्या तरुण बाईस विचारावे. जिला संध्याकाळ झाली की छातीत धडधडते, तिचे घर आतून कधीच मोडलेले आहे. बाहेरून भिंती तेवढ्या उभ्या आहेत. १८८७ साली व १८९१ साली हेच भय घातले गेले व ते खरे ठरले नाही.

तिसरा आक्षेप : "बायका खोट्या तक्रारी करतील, आणि पुरावा कोठून आणणार?" खोटी तक्रार कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते, जमिनीच्या व चोरीच्याही, तिचा निवाडा करण्यासाठीच न्यायालये आहेत. पुराव्याची अडचण खरी आहे, आणि फौजदारी कायदा नेमका कसा असावा ह्यावर न्यायमूर्तींतही मतभेद आहे. परंतु मंडळी हे न्यायालय नव्हे. दुःखी बहिणीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यास, व बळजोरीला पाप म्हणण्यास, आपणांस संसदेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

७. पौलाने काय लिहिले

ह्या विषयात पुरुष जे वचन पुढे करितात, ते करिंथकरांस पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायाचे. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढेच वाक्य पाठ असते. वर्गाने तो उतारा उघडून सबंध वाचावा व चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, तेथे अधिकार दोघांसही सारखाच दिला आहे. पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे असे लगेच पुढे लिहिले आहे. ज्या काळी पत्नीस मालमत्तेसारखे समजत, त्या काळी असे लिहिणे हे मोठे धाडस होते. दुसरी, पौल देण्याविषयी बोलतो. प्रत्येकाने दुसऱ्याचे देणे द्यावे असे तो सांगतो. ते ओरबाडून घ्यावे असे कोठेही सांगत नाही. देणगी हिसकावली की ती देणगी राहत नाही. तिसरी, वेगळे राहावयाचे तर दोघांच्या संमतीने, असे त्याचे म्हणणे आहे. ज्या उताऱ्याचा आधार घेऊन पत्नीची संमती नाकारतात, त्याच उताऱ्यात संमतीचा शब्द आहे. चौथी, सहाव्या ओवीत तो स्वतः सांगतो की हे मी आज्ञा म्हणून लिहीत नाही, सवलत म्हणून लिहितो. सवलतीचा चाबूक करणे हा वचनाचा अपमान होय.

इफिसकरांस पत्रात पतीस सांगितले आहे की त्याने पत्नीवर आपल्या शरीराप्रमाणे प्रीती करावी. कोणी आपल्याच शरीरावर, ते दुखत असता, बळजोरी करितो काय? आणि पेत्र तर पतींस बजावतो की पत्नीस मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांस अडथळा येईल. जो पुरुष रात्री पत्नीचे रडणे ऐकत नाही, त्याने सकाळी आपली प्रार्थना ऐकली जाईल अशी आशा कशाच्या बळावर करावी?

आपल्या विवाहविधीचाही विचार करावा. पाळक वर व वधू दोघांसही मंडळीदेखत विचारितात, आणि वधूच्या तोंडून होकार आल्यावाचून विधी पुढे जात नाही. ज्या मंडळीने त्या दिवशी तिचा होकार कान देऊन ऐकला, तिने पुढे तिचा नकार ऐकण्यास कान का झाकावे? त्या दिवशी तिने जन्मभराच्या सोबतीस होकार दिला. प्रत्येक रात्रीचा होकार तिच्याजवळच राहतो, आणि प्रेमळ पती तो दर वेळी विचारून घेतो.

८. मंडळीने काय करावे

अशी बहीण बोलावयास आली तर पुढील गोष्टी पाळाव्या.

प्रथम ऐकावे. "तू सांगितलेस हे बरे केलेस, ह्यात तुझा दोष नाही," एवढे शब्द आरंभी पुरेत. "तू काय केलेस म्हणून तो रागावला?" असे विचारू नये.

तिची गोष्ट गुप्त ठेवावी. प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा ती सभेत नाव घेऊन किंवा ओळख पटेल अशा रीतीने सांगू नये.

तिला न विचारता पतीस बोलावून समोरासमोर बसवू नये. वडील निघून गेल्यावर त्या बोलण्याची किंमत तिला रात्री द्यावी लागते. आज घरी जाणे तुला धोक्याचे वाटते काय, हे आधी विचारावे, व वाटत असेल तर माहेरी किंवा विश्वासू घरी तिची सोय करावी.

इजा, आजार किंवा गर्भाची शंका असेल तर विलंब न करिता तिला डॉक्टरकडे न्यावे. कायद्याच्या मदतीसाठी जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी, 'सखी' केंद्र व १८१ हा महिलांचा मदत-दूरध्वनी आहे. तातडीच्या वेळी ११२ वर पोलीस मिळतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पुढे काय करावयाचे हे मात्र तिने ठरवावे. आपण तिच्या सोबत चालावे.

मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर गोष्ट वेगळी. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे अशा मुलीवरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांस देणे हे कळलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पाळक व वडीलही त्यातून सुटत नाहीत. आणि असा विवाह मुळात मंडळीत लागताच कामा नये.

शेवटी, पुरुषांशी पुरुषांनी बोलावे. विवाहापूर्वी वरास जे चार शब्द सांगण्यात येतात, त्यांत हाही एक असावा : तिने नको म्हटले तर थांब. पुष्कळ तरुणांस हे कोणी सांगितलेलेच नसते. मित्रांच्या बढाया ऐकून ते शिकतात, आणि बढाई मारणारा पत्नीच्या मनाविषयी बोलत नाही.

आरंभी सांगितलेल्या त्या बाईकडे पुन्हा वळू. समजा, पाळकीणबाईंनी तिला म्हटले असते, "बस माझ्याजवळ. तो नवरा असला तरी हे चूक आहे. आज रात्री कोठे राहशील?" एवढ्याने तिचे सारे दुःख सरले नसते. पण आपण देवाच्या घरी आलो व कोणी आपले ऐकले, हे तिला कळले असते. आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा बोलली असती.

विचारासाठी प्रश्न

१. "नवराच ना तो?" हे उत्तर आपण कोणाकडून शिकलो? आपण ते कोणास दिले आहे काय?

२. करिंथकरांस पहिल्या पत्रातील उतारा वाचून, पतीस व पत्नीस सांगितलेल्या गोष्टींत काही फरक आढळतो काय ते पाहा.

३. फुलमणीच्या व रखमाबाईंच्या काळी लोकांनी जी भये घातली, त्यांपैकी कोणती आज आपल्या गावात ऐकू येतात?

४. आपल्या मंडळीत दुःखी स्त्रीने कोणाकडे जावे हे सर्व स्त्रियांस ठाऊक आहे काय? नसेल, तर ह्या आठवड्यात वडिलांनी त्याची काय व्यवस्था करावी?